मानेच्या शस्त्रक्रियेनंतर मज्जारज्जू कसा सावरतो



मानेच्या मणक्यांतील दाब काढण्याची शस्त्रक्रिया होते. काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय काढतात आणि त्यात मज्जारज्जूवरचा पांढरा डाग तसाच दिसतो. मग घरची माणसे म्हणतात, "शस्त्रक्रिया फुकट गेली." परिचारिका म्हणून काम करताना हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले. नुसत्या डागावरून असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. त्याचे कारण आज सांगते.

मानेत ७ मणके असतात व त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. निरोगी माणसात ही पोकळी पुढून मागे सुमारे १७ मिलिमीटर असते. वयोमानाने मणक्यांमधील गाद्या फुगतात, हाडे वाढतात, पोकळी अरुंद होते आणि मज्जारज्जू चेपला जातो. त्याचा रक्तपुरवठा घटतो, तंतूंवरचे वेष्टण झिजते, काही पेशी मरतात. मग सदऱ्याची बटणे लागत नाहीत, शब्बाथच्या वाती लावताना हात अडखळतो, चालताना तोल जातो. मान मात्र अनेकदा दुखत नाही. म्हणूनच दुर्लक्ष होते.

शल्यविशारद पुढून गादी काढून किंवा मागून मणक्याची कमान उघडून मज्जारज्जूला जागा करून देतात. त्यापुढचे सावरणे मज्जारज्जूचे स्वतःचे. सूज ओसरते, वेष्टण काही अंशी पुन्हा तयार होऊ शकते. परंतु मेलेली पेशी परत येत नाही, तेथे व्रण राहतो. पांढरा डाग सुजेचाही असू शकतो आणि व्रणाचाही. म्हणून डाग राहूनही हातपाय सुधारू शकतात.

बहुतांश सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत दिसते, पुढे वर्षभर हळूहळू होत राहते. बधिरता कधीकधी कायमची राहते. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत काहींना दंड उचलता येत नाही. बहुतेकांत ही दुर्बलता काही महिन्यांत भरून येते, तरी डॉक्टरांना त्वरित कळवावे.

घरी एक साधी नोंद ठेवा. १० सेकंदांत मूठ किती वेळा पूर्ण उघडता व मिटता येते, ते आठवड्यातून एकदा मोजा. निरोगी हात सुमारे २० वेळा करतो. फिजिओथेरपी चुकवू नका. डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत सिनेगॉगमध्ये सेफेर तोरा उचलण्याचा मान दुसऱ्यास द्या. चाल पुन्हा बिघडली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर विलंब न करता रुग्णालय गाठा.

आणि ज्यांना शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला आहे, त्यांनी "तिश्रीचे सण होऊ देत, मग पाहू" असे म्हणू नये. या शस्त्रक्रियेचा पहिला हेतू आजार आहे तेथे थांबवणे हा असतो. दाब जितका अधिक काळ राहील, तितके परत मिळणारे कमी.