माणसाला नको, मग म्हशीला का?

१९७४ च्या अखेरीस राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल जिल्ह्यांत भिल्लांच्या वस्त्यांवर कावीळ पसरली. डोळे पिवळे पडायचे, पोटात पाणी व्हायचं. शंभरावर माणसं दगावली. साथ म्हणावी, तर त्याच घरांतली कुत्रीही तशीच पोट फुगून मरत होती. माणसांची कावीळ कुत्र्यांना कशी होईल? दोघांच्या पोटात जाणारी गोष्ट एकच होती, घरातला मका.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तो मका तपासला. ऐन काढणीत पाऊस झाला होता. भिजलेली कणसं तशीच साठवली गेली आणि दाण्यांवर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी धरली. तिचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. ते किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम निघालं. आज आपल्याकडे धान्याला मुभा आहे किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची, म्हणजे हे प्रमाण चारशे पटीच्या वर गेलं. ते विष यकृतावर घाला घालतं, थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कर्करोगही होतो. भाकरी भाजून किंवा दाणे शिजवून ते जात नाही.

मुळात हे विष सापडलं तेच जनावरांच्या खाद्यात. १९६० मध्ये इंग्लंडात टर्कीची लाखभर पिल्लं मेली, ती ब्राझीलच्या भुईमुगाची पेंड खाऊन. तरीही आपल्याकडे बुरसलेला दाणा बाजूला काढला की तो गोठ्यात जातो. मला हीच सवय सगळ्यात घातक वाटते. म्हशीने खाल्लेलं विष थोडं रूप बदलून एक-दोन दिवसांत दुधात उतरतं आणि दूध उकळूनही राहतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी पाहणीत दुधाच्या ६,४३२ नमुन्यांपैकी ५.७ टक्क्यांत ते मर्यादेबाहेर होतं. खाद्य बदललं की काही दिवसांत दूध निवळतं, एवढा दिलासा आहे.

उपाय जुनाच, वाळवणं. भुईमुगाची शेंग कानाशी हलवली की दाणे खुळखुळले पाहिजेत, तोवर पोत्यात भरायची नाही. पण काढणीलाच आठवडाभर झड लागली तर शेतकऱ्याने वाळवायचं कुठे? काळा पडलेला मका पशुखाद्यासाठी का होईना, विकला जातो. हातचे पैसे सोडून तो पुरून टाका, असं त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? मक्याच्या पट्ट्यातल्या प्रत्येक बाजार समितीत भाड्याने मिळणारं सुकवणी यंत्र आणि खाद्य घेतानाच विषाची तपासणी, या दोन्ही सोयी झाल्याच पाहिजेत.