पॉडकास्ट : ऐकायचं काय, आणि कुणाबरोबर?



आज आपण पॉडकास्टबद्दल बोलणार आहोत. पण आधी आमच्या श्रोत्या गटांपैकी एका गटात घडलेली गोष्ट सांगतो.

त्या गटातल्या एका ताईंनी घरची शिलाई मशीन विकायला काढली होती. एक दिवस गिऱ्हाइकाचा फोन आला. "ताई, मशीन पसंत आहे. पैसे आत्ताच पाठवतो. मी पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका, की पैसे तुमच्या खात्यात जमा." ताईंनी पिन टाकला. पैसे यायचे तर राहिलेच, खात्यातले चार हजार गेले. बैठकीत हे सांगताना त्या म्हणाल्या, "अहो, हेच मी मोबाईलवर ऐकलं होतं. भाकऱ्या थापता थापता ऐकलं होतं. पण तेव्हा वाटलं, हे कुणातरी दुसऱ्या बाईचं चाललंय."

त्यांचं हे बोलणं आमच्या मनातून जाईना. ऐकलेलं असूनही ते वेळेला उपयोगी पडलं नाही. असं का झालं, आणि होऊ नये म्हणून ऐकायचं कसं, हे आज पाहू.

पॉडकास्ट म्हणजे काय?

रेडिओवरचा कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागतो. त्या वेळी तुम्ही गोठ्यात असाल तर तो निघून गेला. पॉडकास्ट म्हणजे तसाच बोलण्याचा कार्यक्रम, पण नोंदवून इंटरनेटवर ठेवलेला. आपल्या सवडीनं लावा, मध्येच थांबवा, समजलं नाही तर मागे नेऊन पुन्हा ऐका. त्यातल्या एकेका कार्यक्रमाला भाग किंवा एपिसोड म्हणतात. हा शब्द २००४ साली एका इंग्रज पत्रकारानं पहिल्यांदा लेखात वापरला. 'आयपॉड' नावाचं गाणी ऐकायचं छोटं यंत्र तेव्हा गाजत होतं. त्यातला 'पॉड' आणि 'ब्रॉडकास्ट' म्हणजे प्रसारण, त्यातला 'कास्ट', असा जोडून 'पॉडकास्ट' झाला.

खर्चाचं म्हणाल तर, अर्ध्या तासाचा नुसता आवाजाचा भाग साधारण १५ ते ३० एमबी डेटा घेतो. तोच भाग चित्रासह पाहिला तर डेटा कितीतरी पट जास्त जातो. म्हणून जिथे नुसतं ऐकून भागतं तिथे आवाजाचंच ॲप वापरा. यूट्यूबवर ऐकायचं असेल तर चित्राची क्वालिटी सगळ्यात खाली, १४४ वर ठेवा. स्पॉटिफायसारख्या ॲपवर पॉडकास्टचा भाग पैसे न भरताही डाउनलोड करून ठेवता येतो. जिथे चांगली रेंज असेल तिथे भाग उतरवून घ्या आणि घरी नेट नसतानाही ऐका.

शोधायचं कसं?

लिहायची भीती वाटत असेल तर लिहू नका. यूट्यूब उघडलं की शोधायच्या जागी माईकचं चित्र दिसतं. ते दाबा आणि मराठीत बोला. नुसतं "पॉडकास्ट" म्हणू नका, हवं ते नेमकं सांगा. "शेळ्यांचे आजार मराठी पॉडकास्ट", "मोबाईलवरची फसवणूक सोप्या भाषेत", "जमिनीचा सातबारा समजून घ्या" असं. जितकं नेमकं विचाराल तितकं नेमकं सापडेल.

एक मात्र ध्यानात ठेवा. आपण जे ऐकतो तसलंच मोबाईल पुढे वाढत राहतो. एक दिवस रेसिपी ऐकली की दुसऱ्या दिवशी दहा रेसिप्या समोर. भांडणाचा एक भाग ऐकला की सगळी भांडणंच. ताटात रोज एकच भाजी आली तर आपण कंटाळतो, पण कानाला रोज तेच मिळतंय हे लक्षातही येत नाही. म्हणून मुद्दाम वेगळं शोधावं लागतं. आम्ही गटांना तीन टोपल्या करायला सांगतो.

पहिली टोपली कामाच्या तंत्राची. यात मोबाईल, बँक, यूपीआय, सायबर फसवणूक, ठिबक सिंचन, सौर पंप असे विषय घ्या. या टोपलीतली एक गोष्ट आजच पाठ करा : पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायलाच. कुणी "पिन टाका म्हणजे पैसे येतील" म्हणालं की फोन ठेवा. आणि फसवणूक झालीच तर लाजेपोटी दोन दिवस गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

दुसरी टोपली नवलाच्या गोष्टींची. "त्याचा आम्हाला काय उपयोग?" असं काही जणी विचारतात. पण जुन्नर भागातल्या मैत्रिणींनी नारायणगावजवळच्या खोडदला त्या अवाढव्य छत्र्या पाहिल्या असतील. त्या कशासाठी आहेत, हे मुलानं विचारलं तर काय सांगाल? ती आहे जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक. गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. एकूण ३० छत्र्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. आकाशातल्या दूरदूरच्या ताऱ्यांकडून, आकाशगंगांकडून येणाऱ्या अगदी क्षीण रेडिओ लहरी त्या पकडतात. छत्री पत्र्याची नाही, बारीक तारेच्या जाळीची आहे, म्हणजे वारा आरपार जातो आणि खर्चही कमी लागतो. आपल्या जिल्ह्यातल्या या दुर्बिणीवर जगभरचे शास्त्रज्ञ काम करतात. हे पोरीला सांगताना आईचीही मान ताठ होते, हा उपयोग काय कमी आहे?

तिसरी टोपली चालू घडामोडींची. आकाशवाणीच्या बातम्या 'न्यूज ऑन एअर' या ॲपवर मराठीतही मिळतात. एखादा विषय नीट उलगडून हवा असेल तर बीबीसी मराठीचे 'सोपी गोष्ट' आणि 'गोष्ट दुनियेची' हे कार्यक्रम आहेत. पहिल्यात रोजच्या बातमीतला एखादा गुंता सोडवलेला असतो, दुसऱ्यात जगातला एखादा प्रश्न. 'थिंक बँक'वर जाणकारांच्या मुलाखती असतात. 'अमुक तमुक'च्या 'खुसपुस'मध्ये मन, शरीर आणि नातेसंबंध यांवर मोकळं बोलणं असतं. एकाच ठिकाणी न थांबता दोन-तीन ठिकाणचं ऐकावं.

सांगणारा कोण आहे?

इथे एक फरक समजून घ्या. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' २००५ पासून आहे, बारामतीला 'शारदा कृषी वाहिनी' आहे, म्हसवडला बायांनी चालवलेली 'माणदेशी तरंग वाहिनी' आहे. असं सामुदायिक रेडिओ केंद्र चालवायला सरकारचा परवाना लागतो आणि स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या लावता येतात. पॉडकास्टला असा परवाना लागत नाही. मोबाईल आणि माईक असला की कुणीही सुरू करू शकतं. त्यामुळे आपल्यासारख्या बायांनाही बोलायची वाट मोकळी झाली, हे चांगलंच. पण खोटं बोलणाऱ्यालाही तीच वाट मोकळी आहे. तेव्हा पारख आपल्यालाच करायची आहे. भाग लावण्याआधी तीन गोष्टी पाहा.

एक, तारीख. 'लाडकी बहीण' योजना २०२४ च्या जूनअखेरीस जाहीर झाली तेव्हा वयाची अट २१ ते ६० होती. काही दिवसांतच ती ६५ पर्यंत वाढली आणि अर्जाची मुदतही पुढे पुढे गेली. पहिल्या दिवसांतला भाग आज कुणी ऐकला, तर त्यात खोटं काही नसूनही तो चुकीचं सांगेल. योजनेचं काहीही ऐकलं की अंगणवाडी ताईंना, ग्रामपंचायतीत किंवा सेतू केंद्रात विचारूनच पुढे पाऊल टाका.

दोन, माणूस. बोलणारा कोण, त्याचं शिक्षण आणि अनुभव काय? औषधाबद्दल बोलतोय तो डॉक्टर आहे की औषध विकणारा? शेवटी "खालच्या नंबरवर मागवा" आलं की समजा, ती जाहिरात आहे. शिवाय आता कॉम्प्युटरनं कुणाचाही हुबेहूब आवाज काढता येतो. ओळखीचा आवाज आहे म्हणून बोलणं खरंच असेल, असं धरून चालू नका.

तीन, दुसरी साक्ष. मोठी बातमी असेल तर ती आणखी कुठे सांगितली आहे का, ते पाहा. एकाच ठिकाणी असेल तर पुढे पाठवू नका.

सत्तर वर्षांपूर्वीचा पुण्याचा धडा

आता त्या ताईंच्या बोलण्याकडे परत येऊ. ऐकलं, पण मनात रुजलं नाही, ते का? याचं उत्तर पुण्यात फार पूर्वीच सापडलेलं आहे.

आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. १९५६ साली, महाराष्ट्र राज्य व्हायच्याही आधी, युनेस्कोच्या मदतीनं इथे एक प्रयोग झाला. त्यासाठी मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांतली दीडशेच्या आसपास गावं घेतली होती. प्रत्येक गावात वीसेक जणांचं श्रोता मंडळ केलं. आठवड्यातून दोनदा, असे दहा आठवडे, मंडळी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायची. विषय शेतीचे, आरोग्याचे, गावाच्या कारभाराचे. रेडिओ बंद झाला की मंडळी उठायची नाहीत. ऐकलेल्यावर चर्चा व्हायची, आपल्या गावात काय करता येईल ते ठरायचं. राहिलेल्या शंका आकाशवाणीला कळवायच्या आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात मिळायची.

मुंबईच्या टाटा समाज विज्ञान संस्थेनं याचा अभ्यास केला. मंडळ असलेल्या गावांची तुलना मंडळ नसलेल्या गावांशी केली. त्यातल्या काही गावांत रेडिओ होता, काहींत तोही नव्हता. मंडळाच्या गावांतल्या लोकांचं ज्ञान भरपूर वाढलेलं दिसलं. मंडळ नसलेल्या गावांत फारच थोडा फरक पडला, रेडिओ असला तरी. नुसता रेडिओ पुरेसा नव्हता. त्याच्याभोवती बसून बोलणारी माणसं लागली. पुढे १९५९ पासून अशी मंडळं देशभर सुरू झाली.

मैत्रिणींनो, आपला मोबाईल हा त्या गावातल्या रेडिओसारखा आहे. घरोघर आहे, पण ऐकणारी एकटी आहे. आणि आपल्याकडे त्या काळच्या मंडळापेक्षाही पक्कं काहीतरी आहे, ते म्हणजे बचत गट. दर महिन्याला आपण जमतोच, हिशेब होतोच. त्यात अर्धा तास ऐकण्याचा काढायचा.

बैठकीत ऐकायचं कसं?

भाग दहा-पंधरा मिनिटांचाच निवडा. कोणता ऐकायचा ते दर वेळी एकीनं ठरवायचं. तिचं नाव भिशीसारखी चिठ्ठी टाकून काढा. म्हणजे नेहमी बोलणाऱ्यांचीच निवड होणार नाही, आणि गप्प बसणारीलाही एक दिवस मिळेल. तिनं तो भाग घरी आधी ऐकलेला असावा, तारीख आणि माणूस तपासलेला असावा. टोपल्या आलटून पालटून घ्या. मोबाईलला छोटा स्पीकर जोडला की सगळ्यांना ऐकू येतं.

भाग संपला की चार प्रश्न विचारा. यातलं नवीन काय कळलं? काय पटलं नाही? हे आपल्यापैकी कुणाच्या घरी घडलंय का? पुढच्या बैठकीपर्यंत आपण काय करायचं? तिसरा प्रश्न कधीही सोडू नका. "दुसऱ्या बाईचं" वाटणारी गोष्ट तिथेच आपली होते. चौथ्या प्रश्नाचं उत्तर गटाच्या वहीत हिशेबाखाली लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी आधी तेच वाचा.

त्या ताईंच्या गटानं हेच केलं. फसवणुकीवरचा एक भाग सगळ्या जणींनी मिळून पुन्हा ऐकला. तिसऱ्या प्रश्नाला ताईंनी सगळं सांगितलं, आणि त्यांचं ऐकून आणखी दोघींनी तोंड उघडलं. त्यांनाही तसाच फोन येऊन गेला होता. एकीनं घरी बोलणी बसतील म्हणून कुणाला सांगितलंच नव्हतं. ताईंचे पैसे परत आले नाहीत. पण त्या दिवशी वहीत एक ओळ लिहिली गेली : "पैशाचा फोन आला की आधी गटातल्या एकीला फोन करायचा, मग उत्तर द्यायचं."

तेव्हा या महिन्याच्या बैठकीत पहिली चिठ्ठी टाका. काय ऐकलंत, काय पटलं नाही आणि काय ठरवलंत, ते आम्हाला जरूर कळवा. तुमच्या शंका जाणकारांना विचारून पुढच्या भाषणात उत्तरं देऊ. तोवर नमस्कार.