क्षयाचा जंतू माणसाची जनुके बदलत नाही

कोरोनाच्या लशींमुळे 'आरएनए' घरोघरी पोचला. त्यामुळे आरएनए म्हणजे प्रथिन बनवण्याचा निरोप, एवढेच अनेकांना ठाऊक असते. मग क्षयाचा जंतू आरएनएच्या साहाय्याने पेशींना फसवतो असे वाचले, की तो आपली जनुकेच बदलत असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. तसे घडत नाही.

आपल्याच पेशींत मायक्रोआरएनए (जेमतेम २२ घटकांचे आरएनए) असतात. ते स्वतः प्रथिन बनवत नाहीत, तर निरोपांना चिकटून कोणते प्रथिन किती बनावे हे ठरवतात. पंख्याच्या रेग्युलेटरसारखे: वायरिंग तेच, वेग कमी-जास्त. त्यांच्या शोधाला २०२४ चे नोबेल मिळाले.

जंतू याच रेग्युलेटरला हात घालतो. कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी २०१५ मध्ये याचे एक उदाहरण दाखवले. जंतूच्या 'इसॅट-६' प्रथिनामुळे मॅक्रोफेजमधला (जंतू गिळणाऱ्या पेशीतला) 'लेट-७एफ' हा मायक्रोआरएनए घटतो. एरवी तो 'ए-२०' या प्रथिनाला आवर घालतो. तो घटला की ए-२० वाढते, पेशीचा धोक्याचा इशारा मंदावतो आणि जिने जंतूला मारायचे तिच्याच पोटात तो तग धरतो. प्रयोगात लेट-७एफ वाढवल्यावर मात्र जंतूंचे जगणे अवघड झाले. मला हे फार आशादायक वाटते, पण हा अजून उपचार नव्हे.

तोवर आपल्या हाती आहे ते करा: दोन आठवड्यांहून जास्त खोकला असल्यास सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषधे मोफत आहेत. बरे वाटले तरी गोळ्या मध्येच सोडू नका.