सिएराची नवी घडण आणि जुन्या रूपाचे राखणदार

टाटा मोटर्सने २५ नोव्हेंबर २०२५ रोजी ‘सिएरा’ नव्या रूपात विक्रीला आणली, तेव्हा त्या नावाची मूळ गाडी बंद होऊन बावीस वर्षे लोटली होती. एवढ्या अवधीत मोटार उद्योगातील इंजिने, प्रदूषणाचे निकष, सुरक्षेचे नियम आणि गिऱ्हाईक असे सगळेच बदलते; नवी गाडीही तीन इंजिनांचे पर्याय, ११.४९ लाख रुपयांची प्रारंभिक किंमत आणि पडद्यांनी व्यापलेला डॅशबोर्ड घेऊन आली. तरीही जुन्या सिएराचे जाणकार आणि चाहते तिची पारख करू लागले ते मागच्या बाजूच्या खिडकीपासून. ती खिडकी जुन्या गाडीच्या खिडकीसारखी आहे, की नुसती तशी भासते, हा त्यांचा पहिला प्रश्न होता, आणि बाहेरून क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रश्नात एखाद्या अभिजात यंत्राच्या पुनर्रचनेविषयीचे बहुतेक सर्व प्रश्न सामावलेले आहेत.

शास्त्रशुद्ध अर्थाने सिएरा ही स्पोर्ट्स कार नव्हे. वेग आणि वळणावरचा ताबा यांसाठी आखलेली, बुटकी, बहुधा दोघांपुरती मोटार म्हणजे स्पोर्ट्स कार. सिएरा मात्र उंच होती, डिझेलवर चालत होती आणि मालवाहू पिकअपच्या चेसिसवर बांधलेली होती. परंतु १९९१ सालच्या भारतात, जेथे खासगी मोटार म्हणजे सारे कुटुंब कोंबून नेण्याचे साधन असे समीकरण होते, तेथे दोन्ही बाजूंना एकेकच दार असलेली, पुढचे आसन वाकवून मागे चढावे लागणारी आणि तरीही महाग अशी गाडी काढणे हे सोयीपेक्षा हौसेला अग्रक्रम देणारे धाडस होते. स्पोर्ट्स कारचे वेड ज्या वृत्तीतून जन्मते तीच वृत्ती सिएराच्या मुळाशी होती, आणि म्हणूनच तिच्या चाहत्यांची भाषा स्पोर्ट्स कारच्या चाहत्यांच्या भाषेशी इतकी जुळते.

या धाडसाची पूर्वपीठिका पुण्यात आहे. टेल्को, म्हणजे टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी, प्रामुख्याने मालमोटारींसाठी ओळखली जात असे. सुमंत मुळगावकर यांनी कंपनीचा पुण्याचा कारखाना उभारताना केवळ जोडणीवर भिस्त न ठेवता साचे, हत्यारे आणि आरेखन ही सर्व कामे आपल्याच माणसांना यावीत असा आग्रह धरला. पुण्यातील अभियांत्रिकी संशोधन केंद्र १९६६ साली सुरू झाले ते याच विचाराने. मुळगावकर १९८९ मध्ये निवर्तले. त्यांच्या नावातील आणि आडनावातील पहिली अक्षरे जोडून पुढे १९९४ मध्ये ‘सुमो’ हे नाव घडले हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यांनी रुजवलेल्या स्वावलंबनाचे पहिले दृश्य फळ प्रवासी गाड्यांच्या क्षेत्रात मिळाले ते सिएराच्या रूपाने. १९८८ मध्ये आलेल्या टाटामोबाइल या पिकअपचा सांगाडा घेऊन, त्यावर १,९४८ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन आणि पाच गिअरची पेटी ठेवून ही गाडी तयार झाली. वातानुकूलन आणि विजेवर चालणाऱ्या खिडक्या या तेव्हा दुर्मीळ असलेल्या सोयी तिच्यात होत्या. १९९२ मध्ये ‘इस्टेट’, १९९४ मध्ये सुमो आणि १९९८ मध्ये ‘सफारी’ ही भावंडे त्याच वंशात जन्मली. सिएराला १९९७ मध्ये टर्बो, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर जादा हवा इंजिनात दाबणारी यंत्रणा, लाभली. २००३ मध्ये ती बंद झाली, आणि त्याच वर्षी टेल्कोचे नाव बदलून टाटा मोटर्स झाले.

चाहत्यांच्या मनात जी सिएरा राहिली ती मात्र इंजिनाने राहिली नाही. ते इंजिन सोशिक होते, चपळ नव्हते, आणि हे तिच्या निष्ठावंतांनीही कधी नाकारले नाही. राहिली ती मागच्या अर्ध्या भागाची काच. दारामागे खांब जवळजवळ दिसूच नयेत अशा रीतीने एक मोठी, न उघडणारी काच बाजूने वर चढत छताकडे वळलेली होती, त्यामुळे मागे बसलेल्या प्रवाशाला रस्त्याच्या कडेचे झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दिसे. डोंगराळ भागात फिरणाऱ्या गाड्यांना शिखरे दिसावीत म्हणून छताजवळ खिडक्या देण्याची युरोपीय रीत होती, आणि त्यावरून या प्रकाराला ‘अल्पाइन’ खिडकी म्हणतात. सिएराने ती छतात वेगळी न बसवता बाजूच्या काचेशी एकजीव केली. भारतीय बनावटीच्या गाडीत तोवर असे काही कोणी केलेले नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्यानंतरही कोणी केले नाही.

ही काच शक्य झाली ती गाडीच्या जुन्या घडणीमुळे, आणि नव्या गाडीत ती तशीच येऊ शकली नाही ती नव्या घडणीमुळे. जुन्या सिएराचा भार शिडीसारख्या पोलादी चेसिसवर होता. वरची बॉडी त्या शिडीवर बोल्टांनी बसवलेली असे, म्हणून खांब सडपातळ ठेवून काच मोठी करण्यास वाव होता. नवी सिएरा मोनोकॉक आहे, म्हणजे तिला वेगळा सांगाडा नसून तळ, खांब आणि छत मिळून होणारे कवच हाच तिचा सांगाडा आहे, आणि गाडी उलटली वा बाजूने धडक बसली तर माणसे वाचवण्याची जबाबदारी याच खांबांवर आणि छताच्या कडांवर येते; पडद्यासारख्या उलगडणाऱ्या हवेच्या पिशव्याही त्याच कडांत दडवाव्या लागतात. शिवाय नव्या गाडीला मागे दोन दारे आहेत. दाराची काच खाली सरकून दाराच्या पोटात जायची असेल तर तिला छताकडे वळवता येत नाही. मागच्या पाठदारासह मोजल्यास जुनी गाडी तीन दारांची आणि नवी पाच दारांची. या दोन दारांच्या फरकानेच काचेचा निकाल लावला. आरेखनकारांनी मग खांबांना चकचकीत काळा रंग देऊन आणि तो पट्टा छतापर्यंत नेऊन जुन्या काचेची आकृती उभी केली.

या आकृतीवर चाहत्यांत उघड दोन पक्ष पडले. एका पक्षाला समोरून येणारी गाडी बाजूने गेली की क्षणात सिएरा म्हणून ओळखू येते हे पुरेसे वाटले, कारण ओळख हेच रूपाचे प्रयोजन आहे असे तो मानतो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की जुन्या गाडीत ती काच प्रवाशासाठी होती आणि नव्या गाडीत ती पाहणाऱ्यासाठी आहे. रंगवलेल्या खांबातून आकाश दिसत नाही. याला जोडून आणखी तक्रारी होत्या : मागे दोन दारे वाढली, इंजिनाची ताकद मागच्या चाकांऐवजी पुढच्या चाकांना जाते, आणि चारही चाके ओढणारी आवृत्ती, जी जुन्या सिएरात मिळे, ती नव्या गाडीसोबत आरंभी आली नाही. गाडीची कल्पना २०२० च्या वाहन प्रदर्शनात प्रथम मांडली गेली, २०२३ मध्ये ती पाच दारांसह पुन्हा दिसली आणि २०२५ च्या जानेवारीत जवळजवळ अंतिम रूपात आली. या पाच वर्षांत दर खेपेस काचेचा किती भाग उरला याची मोजदाद चाहते करत राहिले. दुसऱ्या पक्षाचे काचेविषयीचे म्हणणे वस्तुतः बरोबर आहे आणि ते केवळ गतकातर म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. दारांविषयीची तक्रार मात्र टिकत नाही, कारण जुनी सिएरा लोकांना आवडली तरी ती थोड्यांनीच घेतली, आणि त्याचे एक कारण ती दारेच होती.

अशा वादाचे जगातील सर्वांत अभ्यासण्याजोगे उदाहरण पोर्शेच्या ‘९११’चे आहे. १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात प्रथम मांडलेल्या या स्पोर्ट्स कारचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे होते आणि ते पाण्याऐवजी हवेने थंड होत असे. १९९७ मध्ये ‘९९६’ या अंतर्गत क्रमांकाची पिढी आली, तिने पाण्याने थंड होणारे इंजिन स्वीकारले आणि गोल दिव्यांच्या जागी ‘बॉक्सस्टर’ या स्वस्त भावंडाशी सामाईक असे पसरट दिवे बसवले. प्रदूषण आणि आवाज यांचे कडक होत चाललेले नियम पाहता इंजिनातील बदल अटळ होता. दिव्यांचा बदल हा खर्च वाचवण्याचा भाग होता. चाहत्यांनी दोन्हींवर टीका केली, परंतु २००४ च्या पुढील पिढीत पोर्शेने त्यांचे एकच म्हणणे मान्य केले : गोल वळणाचे दिवे परत आले, हवेवरचे इंजिन आले नाही. नेमकी येथे चाहत्यांच्या तक्रारीची उपयुक्तता दिसते, कारण ज्या बदलामागे कारण होते तो टिकला आणि ज्यामागे काटकसर होती तो गेला. मात्र ही दुरुस्ती शक्य झाली ती ९११ ची निर्मिती कधी खंडित झाली नाही म्हणून. सिएराला ही संधी नव्हती. बावीस वर्षांच्या खंडात तिच्या मधल्या पिढ्या झाल्याच नाहीत, आणि आरेखनकारांना परंपरेऐवजी आठवणीवरून काम करावे लागले. आठवण तर एकाच खिडकीवर स्थिरावलेली होती.

रूप पिढ्यापिढ्यांनी शुद्ध होत जाते हा विचार ज्याने ठामपणे मांडला त्या ल कोर्ब्युझिए यांचे शहर भारतात आहे. १९२३ च्या आपल्या वास्तुकलेवरील ग्रंथात त्यांनी ग्रीक मंदिरांच्या छायाचित्रांखाली १९०७ ची हंबर आणि १९२१ ची देलाज ‘ग्राँ स्पोर’ या मोटारी छापल्या, आणि एकदा नमुना ठरला की स्पर्धेतून व निवडीतून तो पूर्णत्वाकडे जातो असे सांगितले. १९३६ मध्ये पिएर जान्नरे यांच्यासह त्यांनी एका स्पर्धेसाठी छोट्या, स्वस्त मोटारीचा आराखडाही केला. ती मोटार तेव्हा बनली नाही, परंतु तेच दोघे पुढे चंडीगड घडवायला आले. त्या शहराचा पहिला टप्पा सेक्टर १ पासून सेक्टर ३० पर्यंतचा, आणि मूळ कल्पना दीड लाख लोकांची होती. शेवटच्या सेक्टर ३० मध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना आहे. १९५९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था १९६२ मध्ये चंडीगडला आली, आणि तेजस या लढाऊ विमानाचे ‘हेड-अप डिस्प्ले’ तिने विकसित केले. वैमानिकाने मान खाली न घालता समोरच्या काचेवरच वेग, उंची आणि लक्ष्य पाहावे, आणि ती अक्षरे दूर क्षितिजावर असल्यासारखी दिसून डोळ्याला पुन्हा जुळवून घ्यावे लागू नये, असे हे उपकरण असते. याच तत्त्वावरचा साधा प्रकार आता मोटारींत येतो आणि नव्या सिएराच्या वरच्या आवृत्तीतही आहे. जुन्या गाडीने काचेतून बाहेर पाहण्याचा आनंद दिला, नवी गाडी काचेवर माहिती देते. काच हेच सिएराचे वैशिष्ट्य मानायचे तर हा बदल रंगवलेल्या खांबापेक्षा अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल.

सेक्टर १ ते ३० यांच्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२३ रोजी दिलेला निकाल या चर्चेला फार उपयोगी आहे. अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांनी लिहिलेल्या या निकालापुढचा प्रश्न असा होता की एका कुटुंबासाठी आखलेल्या भूखंडावर तीन मजले बांधून ते हिश्शांच्या नावाखाली तीन कुटुंबांना विकले, तर शहराचा वारसा बिघडतो की नाही. न्यायालयाने पहिल्या टप्प्यात घरांचे असे सदनिकांत विभाजन करण्यास मनाई केली. बाहेरचा चेहरा नियमांत बसत असूनही आतली घडण, म्हणजे एका घरात किती माणसे आणि किती वाहने, हीच मूळ आराखड्याचा गाभा होती हे त्यातून स्पष्ट झाले. सिएराच्या दुसऱ्या पक्षाचा युक्तिवाद याच जातीचा आहे : चेहरा राखला, घडण बदलली. पण येथे एक निर्णायक भेद आहे. भूखंडावर घर एकच असते, ते बदलले की मूळ घर नाहीसे होते. नवी सिएरा बाजारात आल्याने जुनी एकही सिएरा नष्ट होत नाही. जुन्या रूपाला धोका पुनर्रचनेपासून नाही, भंगारापासून आहे.

आणि तो धोका खरा आहे. भारतात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते, त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. १५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम काढले हे स्वागतार्ह होते, परंतु त्यांत प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक वय झालेल्या गाड्याच बसतात. म्हणजे पहिल्या सिएरा २०४१ नंतर आणि शेवटच्या २०५३ नंतर पात्र ठरतील. प्राचीन वाहनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ तीस वर्षांची, मूळ स्वरूपात जपलेली आणि रोजच्या वापरात नसलेली गाडी ऐतिहासिक मानतो, आणि या व्याख्येने १९९१ ते १९९५ मधल्या सिएरा आजच ऐतिहासिक आहेत. ज्यांनी त्या पदरमोड करून चालत्या ठेवल्या त्यांना संग्राहक म्हणावे, हट्टी म्हणू नये, कारण भारतीय आरेखनाच्या इतिहासाचा हा कागद कोणत्याही दप्तरात नव्हे, त्यांच्या गॅरेजांत आहे.

केंद्र सरकारने ही वयोमर्यादा पन्नासवरून तीस वर्षांवर आणावी, आणि सिएरा या नावाचे मोल जाणून ते पुन्हा वापरणाऱ्या कंपनीने मूळ गाडीची ती वक्र काच मागणीनुसार थोड्या संख्येने का होईना पुन्हा घडवून द्यावी. साचा नव्याने करावा लागला तरी हा खर्च नव्या गाडीच्या जाहिरातीपुढे नगण्य असेल, आणि ज्यांच्या आठवणीवर नवी गाडी उभी आहे त्यांचे ते देणेही आहे. ज्या वाचकांच्या घरी, वाड्यात किंवा शेतातल्या शेडमध्ये अशी गाडी झाकून ठेवलेली असेल त्यांनी ती भंगारवाल्याला देण्यापूर्वी एखाद्या संग्राहकाला जरूर दाखवावी.