खिशातला चाकू: आधी सांधा बघा, मग धार

झरीहून बोलतोय. परभणी-जिंतूर रस्त्यावरचं आमचं गाव. नेहमीसारखंच घरात बसून रेकॉर्ड केलंय, त्यामुळे ऐकताना मधे मधे पत्र्यावर माकडं उड्या मारतात तो आवाज येईल. तो काढायला काही जमला नाही. ज्यांना ऐकायला सवड नसते त्यांच्यासाठी खाली सगळं लिहून देतोय. बोललो तसंच ठेवलंय, अडखळलो तेवढं काढलंय.

आजचा विषय खिशात मावेल एवढा आहे. मिटवायचा चाकू.

गेल्या महिन्यात मी असे तीन चाकू घेतले. एकदम तीन कशाला, तर त्याचं कारण घरात आहे. मुलीला यंदा परभणीला कृषी पदवीला प्रवेश मिळाला. आल्या आल्या म्हणाली, "पप्पा, कलमं शिकायचीत, अण्णांचा चाकू मला द्या ना." अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी वीसेक वर्षं रोपवाटिकांमध्ये मोसंबीचे डोळे भरले. त्यांचा चाकू अजून कपाटात आहे, पितळी मुठीचा. पोरीला वाटलं, आजोबा खुश होऊन देतील. अण्णा म्हणाले, "तो नको. त्यानं माझं बोट खाल्लंय."

अण्णांच्या उजव्या हाताची तर्जनी मधल्या पेरात वाकत नाही. मी लहान होतो तेव्हा एवढंच कळलं होतं की चाकू लागला. माझी समजूत, धार जास्त होती म्हणून लागला असेल. इतक्या वर्षांनी, पोरीनं चाकू मागितल्यावर, ते पहिल्यांदा नीट बोलले. डोळकाडीच्या गाठीत चाकूचं टोक अडकलं, यांनी टोक आत दाबून पिळलं, आणि पातं मिटलं. बोट मधे होतं. आतली शीर तुटली, ती नीट जुळली नाही. म्हणाले, "कामून लागलं माहिताय का? धारेनं नाही. मिटल्यानं."

आजच्या भागाचं सार हेच. दुकानात नवा चाकू हातात आला की आपण पहिल्यांदा काय करतो? अंगठा धारेवर फिरवतो. मीही तेच केलं, तीनही वेळा. बघायला पाहिजे तो सांधा.

पहिला: उरुसातला

परभणीला फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो. तिथल्या एका गाड्यावरून मागे घेतलेला एक चाकू मित्राकडे पडून होता, तो मी दीडशे रुपयाला उचलला. पातं आरशासारखं चकचकीत, मूठ लाल प्लास्टिकची. पहिलं मत एकदम झकास. कागद सर्रकन कापला. मग मूठ एका हातात धरून पातं बोटांनी डावी-उजवीकडे हलवलं, तर ते खिळखिळं. दुसऱ्या दिवशी कांदा चिरतानाच पातं एका अंगाला कलायला लागलं. आठवड्यात धारही गेली. चकाकी तेवढी राहिली.

दुसरा: कलमाचा

हा परभणीच्या कृषी साहित्याच्या दुकानातून, साडेचारशेचा. हातात घेतला तेव्हा मन नाराजच झालं. पातं आखूड, चमक बेताची, आणि धार एकाच बाजूनं घासलेली. दुसरी बाजू सपाट. मला वाटलं माल खराब निघाला. अण्णा हसले. कलमाच्या चाकूची धार अशीच असते. सपाट बाजू लाकडाला टेकते, त्यामुळे काप सरळ आणि गुळगुळीत निघतो. डोळा आणि खुंट यांचे काप एकमेकांना नीट चिकटले तरच कलम जगतं. दोन्ही बाजूंनी धार असलेला चाकू लाकडात शिरताना आत-बाहेर भटकतो.

मुठीच्या दुसऱ्या टोकाला एक बोथट जीभ आहे. जंभेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर इंग्रजी टी अक्षरासारखा काप घ्यायचा, मग या जिभेनं साल हळूच उचलायची, आणि सालीखाली डोळा सरकवायचा. साल उचलायचं काम पात्याच्या टोकानं करायचं नाही. एक तर आतला ओला थर खरवडला जातो. दुसरं, टोकावर जोर आला की काय होतं ते अण्णांच्या बोटाला विचारा.

तिसरा: रिंगचा

हा ऑनलाइन मागवला. लाकडी मूठ, आणि मुठीच्या गळ्याला धातूची फिरती रिंग. ही तऱ्हा जगात प्रसिद्ध केली ती फ्रान्सच्या ओपिनेल घराण्यानं. आल्प्स डोंगरातल्या सव्वा प्रांतात जोसेफ ओपिनेलनं १८९० साली शेतकऱ्यांसाठी साधा लाकडी मुठीचा चाकू बनवला. तेव्हा रिंग नव्हती. पातं उघडं ठेवणारी रिंग आली १९५५ साली. म्हणजे पासष्ट वर्षं त्या चाकूला कुलूप नव्हतं. माझा चाकू त्याच धर्तीचा आहे, कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही.

पहिलं मत काय झालं? पार्सल फोडलं आणि वाटलं, एवढ्यासाठी पंधराशे घातले? वजनाला हलका, दिसायला पोरांच्या खेळण्यासारखा. पण पातं उघडलं, रिंग फिरवली, पातं हलवून बघितलं. जागचं हललं नाही. तेव्हा जरा बरं वाटलं.

सांध्यात नेमकं काय असतं

मिटवायच्या चाकूत तीन गोष्टी बघायच्या. पातं ज्याच्याभोवती फिरतं तो खिळा. उघडल्यावर पातं जिथे टेकतं तो अडसर. आणि ते मिटू नये म्हणून केलेली सोय.

ही सोय बहुतेक साध्या चाकूंत नसतेच. मुठीच्या पाठीत एक पट्टी असते, ती स्प्रिंगसारखी पात्याच्या बुडाला दाबून धरते. उघडताना "टक्" असा आवाज येतो तो हिचाच. त्या आवाजानं आपल्याला वाटतं चाकू लॉक झाला. तो लॉक नसतो, नुसता दाब असतो. लाल मुठीचा स्विस चाकू सगळ्यांना माहीत आहे. कार्ल एल्सनरनं १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवले, आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांचा तो प्रसिद्ध चाकू आला. त्याच्या नेहमीच्या मधल्या आकारातही पात्याला कुलूप नसतं, दाबाची पट्टीच असते. चाकू उत्तम, पण त्याच्या टोकानं काही उचकटायचं नाही हे धरूनच तो वापरायचा.

कुलपाचे प्रकार बरेच. एक वर सांगितलेली रिंग. दुसऱ्यात मुठीच्या आतली पातळ पट्टी पातं उघडल्यावर बाजूला सरकून त्याच्या बुडामागे अडते. तिसऱ्यात पाठीवरचा आकडा पात्याच्या खाचेत बसतो, तो दाबल्याशिवाय चाकू मिटत नाही.

आता हे लागतं कधी? कापताना जोर धारेकडून येतो. तेव्हा पातं आणखी उघडायला बघतं आणि अडसर त्याला थांबवतो. त्यात धोका कमी. पाठीकडून जोर आला की पातं मिटायला बघतं. टोक खुपसलं, पिळलं, अडकलेलं पातं ओढून काढलं, की असा जोर येतो. बोटं नेमकी त्याच वाटेत असतात.

विकत घेताना काय करायचं

पातं उघडून डावी-उजवीकडे हलवा. किंचित लवलं तर चालतं, खडखडलं तर ठेवून द्या.

मिटल्यावर पातं मुठीच्या बरोबर मधे बसतं का बघा. एका भिंतीला घासत असेल तर खिळा वाकडा बसलाय.

कुलूप असेल तर ते लावा, मूठ बाजूंनी धरा, बोटं पात्याच्या वाटेत येऊ देऊ नका, आणि पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच दाबा. हलकेच म्हटलं. हातोडा मारायचा नाही. सुटलं तर ते कुलूप नुसतं शोभेचं.

शेवटी, ओल्या हातानं उघडून मिटून बघा. शेतात कोरडा हात कुणाचा असतो?

आठवड्यानंतर

रिंगच्या चाकूचं पातं साध्या पोलादाचं आहे, स्टेनलेस नाही. मोसंबी कापली आणि संध्याकाळपर्यंत पात्यावर काळे-निळे डाग. माझं तोंड उतरलं. पण आंबट फळाचा रस साध्या पोलादावर हे करतोच. तो डाग राहिला तरी बिघडत नाही. तांबूस गंज मात्र लगेच काढायचा. काम झालं की पुसायचं आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. साध्या पोलादाचा फायदा म्हणजे घरच्या दगडावर त्याला लवकर धार लागते.

दुसरी गंमत, पावसात भिजल्यावर लाकूड फुगलं आणि पातं मुठीत रुतून बसलं. यावर ओपिनेलवाल्यांच्या मुलखातली जुनी युक्ती आहे. मुठीचं बूड ओट्यावर ठकठक आपटायचं, पातं आपोआप थोडं वर येतं. दातानं ओढायचं नाही. मी आधी तेच केलं होतं, म्हणून सांगतो.

कलमाच्या चाकूला धार लावताना घासलेली बाजूच दगडावर चालवायची. दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर जाणवली की सपाट बाजू दगडावर पूर्ण आडवी ठेवून एक-दोनदा ओढायची. बाजारातल्या फिरत्या चाकावर हा चाकू देऊ नका. ठिणग्या उडतात, पातं तापतं, निळं पडतं. निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. मग धार लागते पण टिकत नाही.

कायद्याचं थोडं

शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, आणि घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेली त्यातून वगळलेली आहेत. आपला चाकू त्याच्या आसपासही जात नाही. पण सणावाराला, निवडणुकीच्या आधी, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्या दिवसांत मिरवणुकीत खिशात चाकू घेऊन फिरू नका. सिनेमात दिसणारा खटक्याचा रामपुरी गंमत म्हणून घेणाऱ्या पोरांनाही हेच सांगणं. विमानात तर हातातल्या बॅगेत कोणताच चाकू चालत नाही.

मग कोणता दिला?

रविवारी अण्णांसमोर तिन्ही ठेवले. त्यांनी धार बघितलीच नाही. एकेक उघडला, हलवला, मिटवला. उरुसातला बाजूला सारला, म्हणाले, "हा खिळ्याचा नाही, चमकीचा चाकू." रिंगचा मला परत दिला, "हा तू ठेव, सुतळ्या-पोती कापायला." कलमाचा पोरीला.

मी म्हणालो, "अण्णा, याला तर कुलूपच नाही. तुमच्यासारखाच आहे."

ते म्हणाले, "डोळा भरताना सगळा जोर धारेकडंच असतो. टोकाचं काम तिनं कधी करू नये, म्हणून ही जीभ आहे. माझ्या चाकूला जीभ नव्हती, आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. तिला सांगणारा आहे."

मग त्या न वाकणाऱ्या बोटानंच त्यांनी तिची बोटं मुठीवर बसवली. तर्जनी पात्याच्या वाटेतून बाहेर, अंगठा खुंटावर टेकलेला. पहिल्या दिवशी तिनं नऊ डोळे भरले. प्लास्टिकच्या पट्ट्या मी बांधल्या. त्यातले किती जगले ते तीन आठवड्यांनी पट्टी सोडल्यावर कळेल. डोळा हिरवा राहिला तर जगला, काळा पडला तर गेला. किती जगले ते पुढच्या भागात सुरुवातीलाच सांगतो.

तुमच्या घरात जुना मिटवायचा चाकू असेल तर आज काढा आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. खिळखिळा असेल तर आठवण म्हणून ठेवा, पण पोराच्या हातात देऊ नका. आमचा पितळी मुठीचा आता परत कपाटात गेलाय.

बरं, भेटू पुढच्या भागात. राम राम.