परदेशचा गळ आणि वैतरणेचा मासा

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मासा शिजत नाहीं. ज्यांच्या घरीं शिजतो त्यांचाहि त्याच्याशीं संबंध बहुधा कोळणीच्या टोपलीपुरताच असतो. पालघर, बोईसर, तारापूर या बाजूच्या मंडळींना मासा म्हटला म्हणजे सातपाटीचें पापलेट आठवावयाचें, आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं. २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें पापलेटालाच राज्यमाशाचा मान दिला. परंतु याच जिल्ह्यांतील गोड्या पाण्यांत असा एक मासा आहे कीं, त्याच्या भाईबंदांसाठीं लोक विलायतेहून हजारों मैलांचा प्रवास करून या देशांत आले. आणि तेहि मासा खाण्यासाठीं नव्हे, तर धरून, तोलून, पुन्हां पाण्यांत सोडून देण्यासाठीं! हा खटाटोप कशासाठीं, आणि त्यांतून आपण काय घेण्याजोगें आहे, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम त्या माशाचें गोत्र पाहूं. रोहू, कटला, मृगळ हे आपल्याकडील तळ्यांतले मासे ज्या मोठ्या कुळांत मोडतात, त्याच कुळांत युरोपांतील कार्प हा मासा येतो. हा मूळचा डॅन्यूब नदीचा व कॅस्पियन समुद्रास मिळणाऱ्या नद्यांचा रहिवासी. मध्ययुगांत उपासाच्या दिवशीं मांस वर्ज्य असल्यामुळें मठांतील साधूंनीं तो तळ्यांत पाळला, आणि पिढ्यान्पिढ्या पाळल्यामुळें तो लठ्ठ व सुस्त झाला. इंग्लंडांत तर तो पाहुणाच. तथापि गळ टाकून बसणाऱ्या इंग्रजांना त्याचें केवढें वेड! १९५२ सालीं रिचर्ड वॉकर या गृहस्थांनीं रेडमायर नांवाच्या लहानशा तळ्यांत ४४ पौंडांचा कार्प धरला, तेव्हां तो मासा जिवंतच लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत नेण्यांत आला व तेथें तो अनेक वर्षें राहिला. परंतु पाळीव माशावर या छांदिष्टांचें समाधान होईना. वाहत्या पाण्यांत वाढलेला, अंगानें सडपातळ, सर्वांगास खवले असलेला अस्सल रानटी मासा त्यांना हवा असे. आणि अशा माशाच्या शोधांत देशोदेशीं हिंडण्याची प्रथा त्यांच्यांत रूढ झाली.

या शोधाची एक वाट आपल्या देशांत येऊन पोंचते. कार्पाच्या कुळांतील सर्वांत बलाढ्य व झुंजार अशा माशांपैकीं एक तो आमचा महाशीर. मराठींत त्याला कोठें कोठें खडची म्हणतात. मोठ्या महाशिराचा एकेक खवला तळहाताएवढा असतो. तो वेगवान, प्राणवायूनें भरलेल्या पाण्यांत राहतो, आणि पावसाळ्यांत अंडीं घालण्यासाठीं प्रवाहाविरुद्ध वर चढतो. दख्खनी महाशिराचें पहिलें शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांनीं पाहिलेले मासे पुण्याच्या मुळामुठेचे होते, आणि माशाला दिलेलें ‘खुद्री’ हें नांवहि त्यांनीं येथील लोकांच्या बोलींतूनच उचललें. शास्त्राच्या ग्रंथांत तें आजहि कायम आहे. पुढें १८७३ सालीं एच. एस. थॉमस या मद्रास इलाख्यांतील अधिकाऱ्यानें गळाच्या मासेमारीवर एक ग्रंथ लिहून विलायतेच्या नामांकित सामन माशाहून महाशीर अधिक झुंजार असल्याचा निर्वाळा दिला. जिम कॉर्बेट यांनींहि आपल्या १९४४ च्या पुस्तकांत वाघांच्या कथांबरोबर महाशिरासाठीं एक प्रकरण राखून ठेवलें. १९४६ सालीं म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यांतील एका गृहस्थांनीं काबिनी नदींत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारें ५४ किलोंचा, महाशीर धरला. गळानें धरलेल्या महाशिरांत तोच सर्वांत मोठा म्हणून आजहि सांगण्यांत येतो.

हा नाद साहेबाचाच, असें मात्र कोणीं समजूं नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें १२ व्या शतकांत रचिलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक प्रकरणच आहे. कोणता मासा समुद्राचा, कोणता नदीचा, कोणाला कोणतें खाद्य द्यावें, गळाची दोरी कशाची असावी, इत्यादि माहिती त्यांत पद्धतशीर दिलेली आहे. विनोद म्हणजे करमणूक. आणि ज्याची करमणूक करून घ्यावयाची त्याचें ज्ञान आधीं संपादन करावें, ही दृष्टि त्या राजाला होती, हें विसरतां येत नाहीं.

देश स्वतंत्र झाल्यावर साहेब गेले, आणि त्यांच्याबरोबर महाशिराची कीर्तिहि विलायतेंत मागें पडली. मोठे महाशीर आतां उरलेच नसावेत, असा तिकडे समज झाला होता. तो खरा कीं खोटा हें पाहण्यासाठीं १९७७-७८ च्या सुमारास तीन इंग्रज तरुण भारतांत आले, नद्यानद्यांवर हिंडले, आणि त्यांना कावेरींत अजस्र महाशीर आढळले. ही वार्ता तिकडे पोंचतांच पाहुण्यांची रीघ लागली. कावेरीच्या काठीं त्यांच्यासाठीं तंबूंच्या छावण्या उभ्या राहिल्या. पाहुणा हरिगोलांत बसून डोहावर जाई. गळाला आमिष म्हणून नाचणीच्या पिठाचा शिजवून घट्ट केलेला गोळा लावी. मासा लागला म्हणजे कधीं कधीं तासभर झुंज चाले. शेवटीं मासा तोलून, त्याचें छायाचित्र घेऊन, वजन वहींत टिपून त्याला सोडून देण्यांत येई. जे गांवकरी पूर्वीं सुरुंगाची दारू उडवून मासे मारीत, त्यांतील कित्येक आतां वाटाड्ये व रखवालदार होऊन त्याच माशांवर पहारा करूं लागले. जिवंत माशाची किंमत मेलेल्या माशाहून अधिक असूं शकते, हें त्यांना पटलें होतें.

येथपर्यंत ही कथा गोड आहे. तिला कडू वळण लागतें तें आपल्याच महाराष्ट्रांतून, आणि तेंहि सद्‌हेतूच्या पोटीं. लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या वीज कंपनीनें १९७० नंतर मत्स्यकेंद्र चालविलें. महाराष्ट्राचे माजी मत्स्यसंचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आदि तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखालीं तेथें दख्खनी महाशिराचीं अंडीं कृत्रिम रीतीनें फळविण्यांत यश आलें. लाखों पिल्लें तयार झालीं आणि देशांतील अनेक नद्या-तलावांत सोडण्यांत आलीं. त्यांतील कांहीं कावेरींतहि गेलीं. नष्ट होत चाललेला मासा पुन्हां वाढवावा, यापरतें पुण्यकर्म कोणतें? परंतु कावेरीचा स्वतःचा महाशीर निराळा होता: नारिंगी परांचा, पाठीवर उंचवटा असलेला, आणि जगांत दुसरीकडे कोठेंहि न सांपडणारा. साहेबलोक ज्याच्यासाठीं सातासमुद्रांपलीकडून येत तो हाच. लोणावळ्याचा निळ्या परांचा पाहुणा त्या नदींत भराभर वाढला, आणि घरचा धनी मागें मागें हटत गेला.

हें कळलें कशावरून? गळ टाकणाऱ्यांच्या वह्यांवरून! एका छावणींतील १९९८ ते २०१२ पर्यंतच्या नोंदी शास्त्रज्ञांनीं तपासून २०१५ सालीं प्रसिद्ध केल्या. एकंदर मासे वाढत होते, म्हणून सर्वांना आनंद. परंतु त्यांत नारिंगी परांचे किती आणि निळ्या परांचे किती हें निराळें मोजल्यावर सत्य उघडें पडलें. तोंवर अभयारण्याच्या कायद्यामुळें २०१२ सालीं तेथील गळाची मासेमारी बंद झाली होती, आणि वह्याहि बंद पडल्या होत्या. ज्या माशाचें नांव सर्वतोमुखीं होतें त्याला शास्त्रीय नांव कोणतें लावावें, याचा निर्णय २०१८ सालीं लागला. आणि त्याच वर्षीं त्याची गणना नामशेष होण्याच्या अगदीं काठावर असलेल्या जीवांत करण्यांत आली.

आतां कावेरीवरून आपल्या वैतरणेवर येऊं. ही नदी त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांत उगम पावून वाडा तालुक्यांतून समुद्राकडे जाते. वाड्याजवळ तिळसें येथें नदीच्या पात्रांतच तिळसेश्वर महादेवाचें स्थान आहे. महाशिवरात्रीस तेथें मोठी यात्रा भरते. देवळापुढील डोहांत महाशीर कुळांतील मोठमोठे मासे निर्भयपणें फिरत असतात. ते देवाचे मासे. त्यांना गळ नाहीं, जाळें नाहीं. महाडकडील वाळणकोंडींतहि वरदायिनी देवीच्या नांवानें असाच डोह राखलेला आहे. यांत सरकारचा हुकूम नाहीं, तिकीट नाहीं, तंबू नाहीं; पाण्यांतील देवराईच ती. साहेबानें मासा धरून सोडावयास शिकविलें. आमच्या गांवकऱ्यांनीं तो धरावयाचाच नाहीं हें आधींच ठरविलें होतें. आणि त्यांचें मोठें शहाणपण असें कीं, जेथला मासा त्यांनीं तेथेंच राखला.

तथापि डोह राखला म्हणून नदी राखली असें होत नाहीं. पहिल्या पावसाबरोबर वर चढणारे मासे, ज्यांना आपल्याकडे वळगणीचे किंवा चढणीचे मासे म्हणतात, त्यांना वाट मोकळी लागते. वैतरणेवर मुंबईच्या पाण्यासाठीं मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा व मध्य वैतरणा अशीं तीन धरणें झालीं आहेत. तिच्या गारगाई व पिंजाळ या उपनद्यांवरहि धरणें बांधण्याची योजना आहे. तिला मिळणाऱ्या सूर्येवर धामणीचें धरण असून, बोईसर-तारापूरच्या कारखान्यांना व वसई-विरारला पाणी त्याच नदीचें. आमच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा एक वाटेकरी नदींत राहतो, आणि त्याचें तोंड बोलतें नाहीं, एवढें ध्यानांत असलें तरी पुरे. पाणी नको असें कोण म्हणेल? पण धरणाखालीं नदी अगदीं कोरडी न पडेल इतकें पाणी बारमाही सुटावें, एवढें मागणें अवाजवी नव्हे.

आमच्या वाचकांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. तिळशास दर्शनास जाल तेव्हां माशांना खाऊ घालण्याच्या उत्साहांत प्लास्टिकच्या पिशव्या डोहांत टाकूं नका. आणि कोणीं पुण्यबुद्धीनें बाहेरचे मासे आणून तेथें सोडूं म्हणेल, तर त्यास कावेरीची हकीकत अवश्य सांगा. दुसरी गोष्ट तरुणांसाठीं. परदेशच्या पाहुण्यांकडून घेण्यासारखी वस्तु गळ नव्हे, वही होय. पालघरच्या सोनोपंत दांडेकर महाविद्यालयांतील किंवा बोईसर-वाड्याच्या शाळांतील चार विद्यार्थ्यांनीं दर महिन्यास डोहाच्या काठीं उभें राहून, पाण्यास हातहि न लावतां, किती मासे दिसले, केवढाले दिसले, पाणी किती होतें, हें तारीखवार लिहून ठेवावें. गांवकऱ्यांची श्रद्धा माशाला आज सांभाळीत आहे. उद्यां धरणवाल्यांपुढें त्याची बाजू मांडण्याची वेळ आली, तर श्रद्धेच्या जोडीला अशी पंधरा वर्षांची एक वही हातीं असलेली बरी.