पद्मिनीचा कार्बोरेटर काढावा का?

वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या कोणालाही हे दृश्य ओळखीचे वाटेल. रविवारची सकाळ आहे. दोन इमारतींमधल्या गल्लीत एक जुनी प्रीमियर पद्मिनी उभी आहे. शेजारचे काका आत बसून चोकची मूठ बाहेर ओढतात आणि किल्ली फिरवतात. इंजिन दोनदा खोकते, तिसऱ्यांदा सुरू होते. गल्लीभर पेट्रोलचा उग्र वास पसरतो. पहिल्या मजल्यावरून दहावीतला एक मुलगा हाक मारतो :

“काका, मामाची गाडी एका झटक्यात सुरू होते. तुम्हीपण इंजेक्शन बसवून घ्या ना!”

काका हसतात. “अरे, इंजेक्शन बसवल्यावर ती माझी पद्मिनी राहील का?”

जुन्या मोटारींचा छंद असलेल्या अनेकांना हा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर शोधायचे, तर आधी इंजिनाचा आहार समजून घेतला पाहिजे.

एका खोलीभर हवा

पेट्रोल एकटे जळू शकत नाही. त्याला हवेतला ऑक्सिजन लागतो. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हा आकडा लक्षात ठेवा. १ लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम. म्हणजे त्याला जवळजवळ ११ किलोग्रॅम हवा हवी. ही हवा ९ घनमीटरांहून थोडी अधिक जागा व्यापते. बीडीडी चाळीतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. तिची उंची ३ मीटर धरली, तर तिच्यात सुमारे ४५ घनमीटर हवा मावते. अवघे ५ लिटर पेट्रोल जाळायला अख्ख्या खोलीतली हवा लागेल!

हवेच्या मानाने पेट्रोल जास्त झाले, तर मिश्रण ‘दाट’ होते. सगळे पेट्रोल नीट जळत नाही आणि धुरातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बाहेर पडतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. उलट पेट्रोल कमी पडले, तर मिश्रण ‘विरळ’ होते, इंजिन अडखळते आणि जास्त तापू शकते. म्हणून हे प्रमाण साधणे फार महत्त्वाचे असते.

कार्बोरेटरची युक्ती

पद्मिनीचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. सिलिंडर हवा आत ओढतात, ती कार्बोरेटरच्या नळीतून येते. ही नळी मध्येच अरुंद केलेली असते. अरुंद जागेत हवेचा वेग वाढतो आणि वेग वाढला की तिचा दाब कमी होतो. डॅनियल बर्नुली या शास्त्रज्ञाने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या नियमाचा पाया घातला. शेजारच्या लहानशा टाकीत पेट्रोल असते. कमी दाबामुळे ते ‘जेट’ नावाच्या बारीक छिद्रातून वर ओढले जाते आणि हवेत फवाऱ्यासारखे मिसळते. जास्त हवा आली की ओढ वाढते आणि पेट्रोलही जास्त येते.

इंजिन थंड असताना पेट्रोलची वाफ नीट होत नाही. तेव्हा चोकची मूठ ओढली की एक झडप हवेची वाट अडवते, पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि इंजिन पेट घेते. या साऱ्यात विजेचा संबंध नाही की संगणकाचा नाही. पेचकस घेऊन मिस्त्री तो उघडतो, साफ करतो, पुन्हा जोडतो.

मग उणीव कोठे आहे? जेटचे छिद्र एकदा ठरले की ठरले. बाहेरची परिस्थिती बदलली, हे त्याला कळत नाही.

समजा, काका पद्मिनी घेऊन महाबळेश्वरला निघाले. समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंचीवर हवेची घनता मुंबईपेक्षा जवळजवळ एक अष्टमांशाने कमी असते. इंजिनाला मिळणारी हवा साडेबारा टक्क्यांनी घटते. पण पेट्रोल घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते, म्हणजे फक्त साडेसहा टक्क्यांनी. त्यामुळे १४.७ चे प्रमाण सुमारे पावणेचौदावर येते. मिश्रण दाट होते आणि गाडी जास्त पेट्रोल पिऊ लागते.

आता उलट उदाहरण पाहा. आपल्याकडे आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलच्या रेणूतच थोडा ऑक्सिजन असतो. म्हणून १ ग्रॅम इथेनॉलला फक्त ९ ग्रॅम हवा पुरते. या मिश्र इंधनाचे योग्य प्रमाण सुमारे १३.५ येते. जुन्या पेट्रोलसाठी बसवलेले जेट मात्र १४.७ च्याच हिशेबाने इंधन देत राहते. आता मिश्रण विरळ पडते. शिवाय इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या फुगतात, चिरतात, तो त्रास वेगळाच.

धूर तपासणारे इंजेक्शन

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनमध्ये हवेने पेट्रोल ओढून घ्यायचे नसते. विजेवर चालणारा पंप ते दाबाखाली ठेवतो आणि इंजेक्टर नावाची झडप क्षणभर उघडून ते फवारते. किती वेळ उघडायचे, हे छोटा संगणक ठरवतो. मिनिटाला ३००० फेरे असतील, तर प्रत्येक सिलिंडरला सेकंदात २५ वेळा पेट्रोल द्यावे लागते. पद्मिनीच्या मापाचा एक सिलिंडर हवेने पूर्ण भरला, तरी त्याला एका वेळी फक्त २२ मिलिग्रॅम पेट्रोल पुरते. पाण्याच्या एका थेंबाचे वजनही याहून जास्त असते!

जर्मनीच्या बॉश कंपनीची अशी पद्धत १९६७ साली फोक्सवागन १६०० या मोटारीत आली. पण खरी क्रांती १९७६ साली व्होल्वो मोटारींत आलेल्या ऑक्सिजन संवेदकाने केली. तो धुराच्या नळीत बसतो आणि ऑक्सिजन उरला आहे की नाही, हे संगणकाला कळवतो. ऑक्सिजन उरला की संगणक पेट्रोल वाढवतो, उरला नाही की कमी करतो. घाट असो की इथेनॉल, प्रमाण पुन्हा जागेवर येते. शिक्षकाने वही तपासून चूक दाखवावी आणि विद्यार्थ्याने पुढचे गणित सुधारावे, तसेच हे आहे.

ही अचूकता आणखी एका कारणासाठी हवी असते. धुरातले विषारी वायू निरुपद्रवी करणारा उत्प्रेरक परिवर्तक हे प्रमाण १४.७ च्या अगदी जवळ असेल, तरच पूर्ण काम करतो. म्हणून धुराचे नियम कडक होत गेले, तसा नव्या मोटारींतून कार्बोरेटर गेला. २०२० साली भारत स्टेज ६ चे नियम आल्यावर बहुतेक नव्या दुचाकींतूनही तो गेला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निघाली.

मग काकांनी काय करावे?

जुन्या गाडीला इंजेक्शन बसवता येते. पण त्यासाठी जास्त दाबाचा पंप, संवेदक, गंजविरहित टाकी आणि भरवशाची वीज लागते. रस्त्यात संगणक बिघडला, तर पेचकस उपयोगी पडत नाही. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात राखली असेल, तरच तिला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. इंजिनात मोठा फेरफार केला, तर तो मान हुकू शकतो.

गाडी रोज वापरायची, तर इंजेक्शन श्रेष्ठ, यात शंका नाही. पण महिन्यातून एखादा फेरफटका मारायचा आणि जुने यंत्र जसेच्या तसे जपायचे, तर कार्बोरेटर राहू द्यावा. मात्र जे कार्बोरेटरला कळत नाही, ते मालकाला कळले पाहिजे. इंधन बदलले की मिस्त्रीकडून जेट तपासून घ्यावे, रबरी नळ्या बदलाव्यात. इंजिन तापताच चोक आत ढकलावा. बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही सुरू ठेवू नये. आणि चाळीच्या गल्लीत गाडी नुसती घुरघुरत ठेवू नये. वरच्या खिडक्यांत माणसे राहतात.

करून पाहा : पेल्यात काठोकाठ पाणी घ्या. त्यात एक नळी उभी धरा; तिचे वरचे टोक पाण्याच्या किंचित वर ठेवा. दुसऱ्या नळीने त्या टोकावरून आडवी, जोरात फुंकर मारा. पाणी वर चढून फवारा उडेल. हाच तुमचा पहिला कार्बोरेटर!